रुग्णाची सही

फॉर्मवर त्यासाठी एकच रेघ असते,
टिंबाटिंबांची, बोटभर.
मी डॉ. तान यांच्या खाटेशी पोचले तेव्हा
त्या रेघेवर तिघं आधीच उभे:
थोरला, धाकटा, आणि मेइलान,
जिला अख्खा रविवार कारंजा मिलन म्हणतो.

"बाबांना काही सांगायचं नाही," थोरला म्हणाला
अस्सल नाशकी मराठीत.
"काय ते आमच्याशी बोला, ताई."

माझ्या पिशवीत चकचकीत पत्रक होतं,
पान तीन: निर्णय रुग्णाचा, फक्त रुग्णाचा.
सिन्नर, पेठ, सटाण्याच्या माणसांना
मी ते शंभरदा वाचून दाखवलंय,
आणि दर वेळी त्यांनी मान वळवून
मोठ्या भावाकडे पाहिलंय.

थोरला समजावत राहिला.
त्यांच्यात म्हणे देह आपला नसतो,
आईबापांकडून वापरायला आणलेला असतो,
परत करताना अख्खा करायचा.
म्हणून तर बाबांनी स्वतःची किडलेली दाढसुद्धा
लाल कागदात गुंडाळून
बिस्किटाच्या डब्यात जपलीय.

हे मला ठाऊक होतं.
बारा वर्षांची असताना त्याच हातांनी
माझी दाढ काढून पुडीत बांधून दिली होती:
"घेऊन जा. तुझी आहे."
मी ती होळकर पुलावरून गोदावरीत टाकली
आणि घरी येऊन बर्फ चघळला.

चाळीस वर्षं मेन रोडच्या तोंडात डोकावलेला माणूस.
कोण खोटं हसतं, कोण रात्री दात खातं,
सगळं माहीत, कुणाचं कुणाला न सांगता.

जिन्यात मेइलाननं गाठलं.
ती भगूरच्या शाळेत गणित शिकवते.
"डोळे द्यायचेत बाबांचे. भाऊ ऐकत नाहीत.
म्हणतात, तिकडं आजीसमोर आंधळे उभे राहतील का?
मला हिशेबच लागत नाही, ताई."
मला तरी कुठे.

माझ्या आईलाही आम्ही
उष्णता झालीय एवढंच सांगितलं होतं.
सही मामाची.
शेवटच्या आठवड्यात ती पंख्याकडे बघत म्हणाली,
"या खेपेला उष्णता फारच मुरली गं,"
आणि हसली.
ते हसू मी कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नाही.

रात्री साडेअकराला वॉर्डात फक्त सलाइनचं टिपटिप.
डॉ. तान यांनी बोटानं बोलावलं.
"मुलांना सांगू नका, मला कळलंय ते.
त्यांना वाटू दे, त्यांनी मला जपलं."

मी खुर्ची ओढली. पत्रक काढलं नाही.
त्यांनीच फॉर्म मागितला,
चष्मा कपाळावर सरकवून
क्ष-किरणाची फिल्म पाहावी तसा दिव्यासमोर धरला.
"रुग्णाची सही. एवढ्याशा जागेत?
मी एकटा आहे का यात?
आई आहे, तिची आई आहे,
बाहेर बाकावर तीन झोपलेत.
रेघ वाढवा."

माझ्याकडे पट्टी नव्हती.
तापमानाच्या तक्त्याची कड लावून
मी टिंबं काढत गेले,
समासापर्यंत, मग समासाच्याही पलीकडे,
कागद संपेपर्यंत.

"आणि डोळ्यांचं?" मी विचारलं.
"ते आईला विचारावं लागेल."

त्यांची आई कोलकात्याच्या मातीत,
पन्नास वर्षं झाली.
त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला,
पुडी द्यावी तसा,
आणि डोळे मिटले.

पहाटे पंचवटीकडून घंटा आली.
मेइलान आत आली, पांघरुण सारखं केलं,
खुणेनंच विचारलं: झोपलेत?
मी म्हटलं, थांब जरा.
बोलणं चाललंय.